काका, चीज जास्त मारू?

भरपूर चीज खाणं तब्येतीला चांगलं की वाईट, यावर रत्नागिरीत सध्या दोन तट पडलेत. पहिला म्हणतो, प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, तिकडे फ्रान्सात लोक जन्मभर हेच खातात आणि ठणठणीत असतात. दुसरा म्हणतो, विष हो ते, नुसतं विष! संध्याकाळी मारुती मंदिराच्या बाजूला सँडविचच्या गाडीवर दोन्ही तट शेजारीशेजारी उभे असतात. गाडीवरचा पोरगा खिसणी उचलून विचारतो, "काका, चीज जास्त मारू?" आणि दोन्हीकडून एकच उत्तर येतं, "मार रे, हात आखडू नको." इतकं एकमत नगरपरिषदेच्या सभेत झाल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

ते मारणं एकदा नीट बघा. पावाच्या स्लाइसवर लोणी, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, कांदा, चाट मसाल्याची चिमूट. वर दुसरी स्लाइस, तिलाही लोणी. भाजून, तुकडे करून झाले की खरा कार्यक्रम सुरू होतो. विटेएवढा पिवळा ठोकळा खिसणीवर वरखाली फिरायला लागतो. आधी चटणीचे ओघळ दिसेनासे होतात, मग पाव जातो, शेवटी कागदी डिशची कड तेवढी उरते. गिऱ्हाईक 'बस' म्हणत नाही आणि पोरगा थांबत नाही, कारण एक्स्ट्रा चीजचे पैसे वेगळे. घरी बायकोने भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला तर "अगं, कोलेस्टेरॉल!" म्हणून ओरडणारा गृहस्थ तो हाच.

आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत. बीपी निघालं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मास्तर शिस्तीचे. लोणचं बंद, पापड बंद, सुके बोंबील बंद, भाताबरोबर तोंडी लावायला सोडे असायचे तेही बंद. लग्नात सोलकढीचा पेला हातात आला की आधी चौकशी करतात, मीठ घातलंय का हो? आणि रोज सकाळी नाश्त्याला टोस्ट, त्यावर चीजच्या दोन स्लाइस. कुणी हटकलं तर म्हणतात, "दुधाचं असतं ओ ते, त्यात कसलं आलंय मीठ?" मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे.

मीठ कसलं आलंय ते पाकिटाच्या मागे छापलेलं असतं, फक्त ते वाचायला मास्तरांच्या चष्म्यावर आणखी एक चष्मा लागेल. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या प्रोसेस्ड चीजमध्ये १०० ग्रॅमला साधारण १,३०० ते १,४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. म्हणजे २५ ग्रॅमच्या एका क्यूबमध्ये पाऊण ते एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगितलंय. गाडीवर पन्नास-साठ ग्रॅम चीज सहज पडतं. दोन ग्रॅम मीठ तिथेच झालं. त्यात पावातलं, लोण्यातलं, चटणीतलं, चाट मसाल्यातलं मिळवा. एका सँडविचमध्ये दिवसाचा निम्म्याहून जास्त कोटा संपतो, आणि अजून रात्रीचं जेवण व्हायचंय. मास्तरांचे बोंबील बिचारे उगाच बदनाम झाले.

त्याच पाकिटावर घटकांत '३३१' असा एक आकडा भेटतो. हे सोडियम सायट्रेट. साधं चीज तापवलं तर त्यातलं तेल सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. ते एकजीव वितळावं म्हणून हे क्षार घालतात. ही युक्ती १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थुन गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर या दोघांनी काढली. चीज जास्त दिवस टिकावं, लांबच्या देशांत पाठवता यावं, हा हेतू. पाच वर्षांनी अमेरिकेत क्राफ्टने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढचं जग जिंकलं. म्हणजे चीजमध्ये मुळातलं मीठ आहेच, वर हे वितळवायचं सोडियम. आपण ज्या धाग्यांचे व्हिडिओ काढतो, ते या सायट्रेटवाल्या गुळगुळीत चीजचे येत नाहीत. ते काम मोझरेलाचं. गाडीवर बहुधा दोन्हींची खिचडी असते.

आता फ्रान्स. हा युक्तिवाद करणारे सगळे फ्रान्सला जाऊन आल्यासारखे बोलतात, म्हणून थोडं सांगतो. फ्रेंच माणूस वर्षाला २५ किलोंच्या आसपास चीज खातो हे खरं. पण तो ते जेवणाच्या शेवटी, तुकडा कापून, पावाच्या घासाबरोबर खातो. बटाटावड्यात कोंबून, तळून, वर मेयोनीज ओतून खात नाही. आणि ते महिनोन् महिने मुरलेलं, आंबलेलं चीज असतं. त्याचं पुण्य प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या स्लाइसच्या खात्यावर जमा करता येत नाही.

अभ्यासांचंही तसंच. 'दुग्धजन्य पदार्थ खाणारे जास्त जगतात' असा फॉरवर्ड फिरतो, त्याच्या मुळाशी बहुधा २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला 'प्युअर' हा अभ्यास असतो. २१ देश, १ लाख ३६ हजारांवर माणसं, त्यांत भारतातलीही. दूध-दही खाणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले, हे बरोबर. पण तो फायदा ठळकपणे दिसला दुधात आणि दह्यात. चीजच्या बाबतीत ठाम असं काही निघालं नाही. शिवाय त्या अभ्यासात चीजचा एक वाटा किती धरलाय, माहीत आहे? १५ ग्रॅम. आपल्या पोराच्या खिसणीला एवढं नुसतं चिकटून राहत असेल.

चीजच्या बाजूने जे खरं आहे ते सांगायला हवं, नाहीतर आम्हालाही दुसऱ्या तटात ढकलाल. तेवढीच चरबी लोण्यातून खाल्ली तर वाईट कोलेस्टेरॉल जितकं वाढतं, तितकं चीजमधून वाढत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही, त्यामुळे ज्यांचं दुधाने पोट बिघडतं त्यांना ते पचतं. दातांना बरं. म्हाताऱ्या माणसाला दोन घास जात नसतील तर थोडक्यात बरंच पोषण देऊन जातं. पण गाडीपुढे रांग लावणाऱ्यांत दोन घास न जाणारं कुणी आम्हाला अजून दिसलेलं नाही.

हे सगळं ते चीज आहे असं धरून. गाडीवरचं ते चीजच आहे का, ही चौकशी कोण करणार?

एक किलो चीजला गाईचं दहाएक लिटर दूध लागतं. आमची कोकण कपिला गाय, जिला २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती डोंगर चढायला पटाईत, पावसाला दाद न देणारी, पण दूध देते दिवसाला जेमतेम दोन-तीन लिटर. किलोभर चीजला चार-पाच गाई रांगेत उभ्या कराव्या लागतील, आणि वासरांना हात जोडावे लागतील. म्हणून रत्नागिरीचं दूध आंबा घाटातून गाड्यांनी खाली उतरतं आणि चीज गुजरातेतून नाहीतर मंचरहून येतं. दुधाचा भाव पन्नाशीच्या पलीकडे गेलेला. असं असताना गाडीवर चिमूटभर पैशात डोंगरभर चीज कसं येतं? हॉटेलवाल्यांना विचारलं तर म्हणतात, होलसेलमध्ये परवडतं. परवडतं, कारण त्या ठोकळ्यातली चरबी पुष्कळदा दुधाची नसतेच. पामतेल, स्टार्च, दुधातलं थोडं प्रथिन, रंग आणि वास. याला ॲनालॉग म्हणतात. ते बेकायदा नाही, विषही नाही. अट एकच. तसं सांगून विकायचं. ठोकळ्याच्या वेष्टनावर ते छापलेलं असतंसुद्धा. पण वेष्टन गाडीखालच्या डब्यात जातं आणि ठोकळा वर येतो, तेवढ्या दोन हातांच्या प्रवासात त्याचं नाव 'चीज' होतं.

ही शंका आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २०२३ च्या अखेरीस अन्न व औषध प्रशासनाने नगरजवळच्या केडगावच्या मॅकडोनाल्ड्सचा परवाना निलंबित केला. आक्षेप हा, की चीज म्हणून विकलेल्या काही पदार्थांत चीजसारखं दुसरंच काही आहे आणि ते गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. कंपनीने आरोप नाकारला, आम्ही अस्सल चीजच वापरतो असं सांगितलं, आणि पुढे तपासण्यांचा हवाला देऊन तेच पुन्हा जाहीर केलं. पण मधल्या काळात काही पदार्थांच्या नावांतून 'चीज' मात्र गळलं. ब्ल्यूबेरी चीजकेक होता तो नुसता ब्ल्यूबेरी केक झाला. नावं बदलायची नगरला तेव्हा हवाच होती. गावाचं झालं, जिल्ह्याचं झालं, केकने काय घोडं मारलंय?

मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रमसिंह पाचपुते तर कृत्रिम पनीर घेऊन थेट विधानसभेत आले. श्रीगोंदा पुन्हा नगर जिल्ह्यातलंच. त्या जिल्ह्याचं नाक तिखट दिसतं. आमच्या रत्नागिरीच्या प्रतिनिधींना विधानसभेत हापूसखेरीज काही नेताना आम्ही तरी पाहिलेलं नाही, आणि तोही वाटायला.

पण या सगळ्यात आम्हाला खरी काळजी डब्यांची वाटते. "दूध पीत नाही हो आमचा, म्हणून रोज चीज स्लाइस देते, कॅल्शियम जायला हवं ना पोटात!" असं शाळेच्या फाटकाशी ऐकू येतं. वीस ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये चारएक ग्रॅम प्रथिन असतं, कॅल्शियमही असतं, नाही असं नाही. सोबत पाच ग्रॅम चरबी, तीही बरीचशी संपृक्त, आणि सात-आठ वर्षांच्या पोराला नको इतकं मीठ. खारटाची जीभ एकदा लागली की वरण-भात बेचव लागायला लागतो, मग त्यावरही चीज खिसायचं. आणि कॅल्शियमच हवं असेल तर नाचणी काय चोरीला गेली? १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते दुधातल्याइतकं सहज अंगी लागत नाही हे मान्य, पण नाचणीबरोबर मीठ आणि चरबी गळ्यात पडत नाही. याच जिल्ह्यात दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. त्यांनी नाचणीच्या सुधारलेल्या जाती काढून शेतकऱ्यांना दिल्या. आम्ही ती नाचणी पौष्टिक बिस्किटाच्या पाकिटात, साखर-मैद्यात बुडवून, मॉलमधून विकत आणतो. मांदेली आणि मोतकं काट्यासकट चावून खाणाऱ्या गावात कॅल्शियमसाठी पिवळ्या स्लाइसच्या दारात जायची वेळ यावी!

डब्यात दिलंत तरी आठवड्यातून एकदा द्या, आणि त्या दिवशी लोणचं-वेफर्स नकोत. दही रोज चालेल. ताकाला तर कुणाचीच ना नाही.

हॉटेलवाल्यांनी तर कमाल केलीय. चीज डोसा, चीज पावभाजी, चीज वडापाव हे जुनं झालं. पदार्थ फसला, मसाला कच्चा राहिला, वडा कालचा निघाला, की वर चीज. पूर्वी यासाठी कोथिंबीर होती, तिच्यात निदान जीवनसत्त्व तरी होतं. उद्या संकष्टीला उकडीच्या मोदकात चीज भरून देतील आणि आपण त्याचे फोटो काढू. गणपतीबाप्पाचं वजन बघता त्याच्या बीपीचीही चौकशी करायला हवी.

तर निकाल असा. घरी, पाकीट वाचून, एखादा क्यूब, आठवड्यातून एक-दोन वेळा, बीपी नसलेल्या माणसाने खावा; काही बिघडत नाही. भरपूर आणि रोज खाणं चांगलं नाही, ते अस्सल असलं तरी. बीपीवाल्यांनी ते लोणच्याच्या रांगेत बसवावं, दुधाच्या नव्हे. अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या साहेबांनी एखाद्या संध्याकाळी साध्या कपड्यांत गाड्यांवरून एक फेरी मारावी. आणि वाचकहो, तुम्ही एक करा. गाडीवाल्याला ठोकळ्याचं वेष्टन दाखवायला सांगा. दाखवलंच नाही तर चटणी सँडविच घ्या. स्वस्तही पडतं आणि चटणी अजून तरी कोथिंबिरीचीच असते.