साखळी कुठे गेली?

मालिका बघायला बसताना ज्याला शेजारी घेऊ नये असा एक मनुष्यप्रकार आहे. तो मूळ कादंबरी वाचून आलेला असतो. पडद्यावरचं पात्र घोड्यावरून उतरायच्या आत ‘पुस्तकात हा असा नाहीये’ असं तो घशातल्या घशात पुटपुटतो आणि कोणी ‘का रे?’ विचारलं नाही, तर तेच जरा मोठ्याने म्हणतो. सोयीसाठी त्याला कादंबरीवाला म्हणू.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेवरून एचबीओने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ काढली. तिचा पहिला भाग 17 एप्रिल 2011 रोजी दिसला. त्या दिवसापासून पुढची पाच वर्षं कादंबरीवाल्याने जे वैभव भोगलं, तेवढं जॉफ्री राजालाही सिंहासनावर बसून लाभलं नाही.

सुरुवातीच्या तक्रारी नाकाडोळ्यांच्या होत्या. डनेरिस राणीचे डोळे पुस्तकात जांभळे आहेत. एमिलिया क्लार्कला तशा लेन्स घालून पाहिल्या, पण डोळ्यांनी करायचा अभिनय त्या लेन्सच्या मागेच अडकायला लागला, म्हणून त्या काढल्या. ब्लॅकवॉटरच्या लढाईत टिरियनचं जवळजवळ सगळं नाक जातं. पीटर डिंक्लेजला मात्र गालावरून जाणारा एक रुबाबदार व्रण मिळाला आणि तो आधीपेक्षा देखणाच दिसायला लागला. डारिओ नाहारिसची दाढी तर पुस्तकात निळी आणि तीन फाट्यांची आहे, वर मिशा सोनेरी. ही दाढी गाळल्याबद्दल प्रस्तुत लेखक मालिकेचा आजन्म ऋणी राहील. अशा दाढीवर राणी भाळली हे वाचताना आपण सोसतो. समोर बघताना सोसलं असतं याची खात्री नाही. पुढे तिसऱ्या सीझनचा डारिओ चौथ्यात बदलून दुसराच नट आला. दाढीसाठी हळहळणाऱ्या कादंबरीवाल्याला एकाऐवजी दोन डारिओ मिळाले, दोन्ही चुकीचे.

वयांबद्दल मात्र तो गप्प असतो. पुस्तकाच्या आरंभी डनेरिस 13 वर्षांची आहे, रॉब आणि जॉन 14 वर्षांचे. मालिकेने सगळ्यांची वयं काही वर्षांनी वाढवली. ते बरंच झालं, नाहीतर रॉब स्टार्क उत्तरेचं सैन्य घेऊन निघताना याची दहावी कोण देणार, हीच काळजी प्रेक्षकाला लागली असती.

आणि मग आशा. लोखंडी बेटांवरची जहाजं हाकणारी, कुऱ्हाड फेकणारी ग्रेजॉय घराण्यातली ही मुलगी पुस्तकात चक्क आशा आहे. ड्रॅगन, बर्फ आणि उच्चारता न येणारी घराणी यांच्या गर्दीत मराठी वाचकाला तेवढं एक घरचं नाव सापडलं होतं. मालिकेत आधीच ओशा नावाची रानटी बाई होती, प्रेक्षकांचा गोंधळ नको म्हणून आशाची यारा झाली.

हे सगळं कुठून आलं ते समजून घ्यायचं तर मार्टिनसाहेबांच्या जुन्या नोकरीकडे जावं लागतं. 1980च्या दशकात ते हॉलिवूडमध्ये टीव्हीसाठी लिहीत होते. ‘द ट्वायलाइट झोन’ची नवी आवृत्ती, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ वगैरे. त्यांनी संहिता द्यायची आणि वरच्यांनी सांगायचं की छान आहे, पण फार महाग आहे, पात्रं कमी करा, लढाई काढा. कंटाळून ते कादंबरीकडे वळले आणि मनाशी ठरवलं की आता मुळीच काटकसर करायची नाही. मग शेकड्यांनी पात्रं आली, प्रत्येक स्टार्क पोराला एकेक दांडगा लांडगा आला, सातशे फूट उंचीची बर्फाची भिंत आली, जॉफ्रीच्या लग्नात 77 पदार्थांची पंगत उठली. शाई-कागदाला सगळं सारख्याच दरात पडतं. जे टीव्हीवर कधी येऊच शकणार नाही असं लिहिण्याचा हा खटाटोप 1996 साली पहिल्या खंडाने सुरू झाला, आणि काही वर्षांनी डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे त्यांच्याकडे आले ते हेच टीव्हीवर आणायचं म्हणून. मार्टिननी त्यांना एकच अवघड प्रश्न विचारला म्हणतात, जॉन स्नोची आई कोण? उत्तर बरोबर आलं. लढायांचे पैसे कोण देणार, हे त्या वेळी कोणी कोणाला विचारलेलं दिसत नाही.

पैसे नव्हतेच. म्हणजे आपल्या हिशोबाने डोळे पांढरे व्हावेत इतके होते, पण लढाईला पुरत नव्हते. पहिल्या पुस्तकात टिरियन ग्रीन फोर्कच्या लढाईत डोंगरी टोळ्यांच्या बरोबरीने लढतो. मालिकेत काय होतं? आरडाओरडा करत सैन्य धावत सुटतं, आपल्याच माणसाच्या हातोड्याचा फटका बसून टिरियन आडवा होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई आटोपलेली असते. एका फटक्यात हजारो सैनिकांचा खर्च वाचवणारा असा हातोडा टीव्हीच्या इतिहासात दुसरा नसावा. लांडग्यांचंही तेच. ते खरे लांडगे कॅनडात चित्रित करून मग पडद्यावर मोठे करावे लागत, त्यामुळे पुस्तकात रॉबच्या पायाशी सतत असणारा ग्रे विंड मालिकेत पाहुण्यासारखा यायला लागला. लोखंडी सिंहासन पुस्तकात अवाढव्य आणि वेडंवाकडं आहे, मालिकेतलं दरबारात मावेल एवढं. ही अडचण मालिकेने पात्राच्याच तोंडी घातली: तलवारी हजार नाहीत, दोनशेसुद्धा नाहीत, आपण मोजल्यात, असं लिटलफिंगर तिसऱ्या सीझनमध्ये सांगून टाकतो.

पण खरी मजा साखळीची. ब्लॅकवॉटरच्या लढाईत टिरियन नदीच्या मुखाशी एक प्रचंड साखळी बसवतो. शत्रूचं आरमार आत आलं की साखळी वर ओढायची, मागे पळायची वाट बंद, आणि पुढे हिरवी आग. दुसऱ्या पुस्तकातली ही सगळ्यात देखणी युक्ती. दुसऱ्या सीझनच्या नवव्या भागात लढाई आली, आरमार आलं, हिरवी आगही आली, पण साखळी नाही. कादंबरीवाला सोफ्यावरून उठून उभा राहिला. त्याला त्या भागाची पटकथा कोणी लिहिली ते तेव्हा ठाऊक नसावं. ती स्वतः मार्टिननी लिहिली होती. टीव्हीच्या काटकसरीला कंटाळून जो माणूस घर सोडून गेला, त्यालाच वीस वर्षांनी परत बोलावून त्याच्याच साखळीशिवाय लढाई लिहायला बसवलं.

इथे कादंबरीवाल्याला न आवडणारं एक मत प्रस्तुत लेखकाला मांडायचं आहे. मालिका गरीब होती तोवरच ती सगळ्यात चांगली होती. पहिल्या सीझनचे काही भाग लांबीला कमी पडायला लागले. आणखी लढाया परवडत नव्हत्या. मग दोन पात्रं एका खोलीत बसवून बोलायला लावणं एवढंच हातात होतं. त्यातून रॉबर्ट राजा आणि सर्सी राणी यांचा तो प्रसंग आला, जिथे सतरा वर्षांच्या मोडक्या संसाराबद्दल दोघं पहिल्यांदा सरळ बोलतात, थोडं हसतातसुद्धा. कादंबरीत हा प्रसंग येऊच शकत नव्हता. मार्टिन प्रत्येक प्रकरण कोणातरी एकाच्या डोक्यात शिरून लिहितात, आणि पहिल्या खंडात ना रॉबर्टचं डोकं वाचकाला मोकळं आहे, ना सर्सीचं. त्यांच्या खोलीत डोकवायला कोणी नाही. कॅमेऱ्याला असल्या परवानग्या लागत नाहीत. हॅरनहॉलमध्ये आर्या पुस्तकात रूस बोल्टनची पेला भरणारी पोर होते, मालिकेने तिला टायविन लॅनिस्टरसमोर उभं केलं. चार्ल्स डान्स आणि मेसी विल्यम्स यांची ती जुगलबंदी बघताना पुस्तक उघडून पडताळणी करणारा माणूस अरसिकच म्हटला पाहिजे.

उलट बाजूही आहे. डोक्यातलं जे पुस्तकात आपोआप कळतं ते पडद्यावर अडतं. मालिकेचा पहिलावहिला भाग 2009 मध्ये चित्रित झाला तो कधी दाखवलाच नाही, बहुतेक सगळा पुन्हा काढला. कारण निर्मात्यांनी तो मित्रमंडळींना दाखवला तेव्हा शेवटपर्यंत पाहूनही जेमी आणि सर्सी हे बहीणभाऊ आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं. ते कळलं नाही तर त्या भागाच्या शेवटाला काही अर्थच उरत नाही; एका मुलाला खिडकीतून का ढकललं, एवढंच कोडं घेऊन प्रेक्षक घरी जातो.

कादंबरीवाल्याच्या वैभवाचं शिखर म्हणजे 2 जून 2013. रॉब स्टार्क ज्या लग्नात मारला जातो तो ‘रेड वेडिंग’चा भाग त्या दिवशी दिसला. ते प्रकरण पुस्तकात 2000 साली छापून आलं होतं. तेरा वर्षं ही माणसं ते पोटात ठेवून हिंडत होती; ज्यांना चहात साखर जास्त झाल्याचं गुपित पचत नाही त्यांनी हे पचवलं. त्या रात्री तर काहींनी मित्रांच्या नकळत कॅमेरे लावून ठेवले आणि त्यांचे उघडे पडलेले जबडे टिपले. पुस्तकात रॉबची बायको, जेन वेस्टर्लिंग, त्या लग्नाला येतच नाही, जिवंत राहते. मालिकेने तिच्या जागी तलीसा आणली, तिला लग्नाला नेलं आणि गरोदरही केलं. पुस्तकापेक्षा क्रूर होण्याची ही हौस बघून कादंबरीवालाही क्षणभर गप्प झाला.

लगेच त्याने नवं गुपित हाती घेतलं. पुस्तकात त्या लग्नात मेलेली रॉबची आई कॅटलिन परत येते, गळा चिरलेली, सूडाने पेटलेली, लेडी स्टोनहार्ट या नावाने. ‘थांबा, या सीझनच्या शेवटी बघा,’ असं तो डोळे मिचकावत सांगू लागला. तिसरा सीझन संपला. चौथा संपला. डोळे मिचकावण्याची सवय लागून राहिली, बाई आल्या नाहीत.

2016 मध्ये मालिका पुस्तकांच्या पुढे गेली. पाचवा खंड 2011चा, सहावा अजून यायचाय. आता कादंबरीवाल्यालाही इतरांइतकंच कळत होतं, म्हणजे काहीच नाही. याच सुमारास पैसाही आला. शेवटच्या सीझनला एका भागामागे दीड कोटी डॉलरपर्यंत खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. ड्रॅगन भरपूर, आणि खोलीत बसून बोलणारी माणसं कमी. पहिल्या सीझनमध्ये राजाला विंटरफेलला पोचायला महिना लागतो. सातव्यात भिंतीवरून निघालेला कावळा दक्षिणेला निरोप देतो आणि ड्रॅगन वेळेवर हजर होतो. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनीही वेळेचं गणित जरा ताणल्याचं मान्य केलं. ‘द लाँग नाइट’ या भागाचं चित्रीकरण 55 रात्री चाललं आणि तो इतका काळोखा निघाला की लोक टीव्हीची बटणं दाबत बसले. पुढच्याच भागात डनेरिससमोर टेबलावर कॉफीचा पेला राहिला. वेस्टेरॉसच्या जेवणाची इतकी वर्णनं मार्टिननी केली आहेत की त्यावर 2012 मध्ये अधिकृत पाककृतींचं पुस्तक निघालं, पण कॉफी हा बदल मालिकेचा स्वतःचा.

या सगळ्यात महाराष्ट्राचाही एक वाटा आहे, तो सांगायला हवा. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग इथे सोमवारी सकाळी साडेसहाला दिसे, त्यामुळे पुणे-मुंबईची बरीच मंडळी दात घासतच युद्धावर जात. 2017 मध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला, आणि त्या प्रकरणात अटक झालेल्या चौघांना पकडणारे पोलीस आपले महाराष्ट्राचे होते.

2022 मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ आली तेव्हा वाटलं, आता तरी कुरकुर थांबेल. तिचं मूळ पुस्तक ‘फायर अँड ब्लड’ हा एक काल्पनिक इतिहासग्रंथ आहे. त्यात एकाच घटनेबद्दल एक विद्वान एक सांगतो, धर्मगुरू दुसरं, आणि मश्रूम नावाचा दरबारी विदूषक तिसरंच, बहुधा अचकट विचकट. म्हणजे मालिकेने काहीही दाखवलं तरी ‘पुस्तकात असं नाही’ म्हणायची सोय लेखकानेच काढून घेतली होती.

तरी कुरकुर झालीच. सप्टेंबर 2024 मध्ये एकाने जाहीरपणे सविस्तर लिहिलं, की पुस्तकात हेलेना राणीला आणखी एक मुलगा आहे, मेलोर नावाचा. मालिकेने तो गाळला, त्यामुळे मारेकऱ्यांसमोर दोन मुलांतून एक निवडण्याचा तिचा प्रसंगच गेला, आणि पुढच्या सीझनमध्येही याचे परिणाम दिसतील. सूर ओळखीचा होता. लिहिणारे होते स्वतः जॉर्ज आर. आर. मार्टिन. थोड्याच वेळात तो मजकूर काढून टाकला गेला. कादंबरीवाल्याने तोवर तो उतरवून घेतला होता.