उतरत्या मानाने

पुरस्कार ही खेळाडूला द्यायची वस्तू आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकदा आमच्या लोणी काळभोरला यावं आणि सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही फ्लेक्सकडे मान वर करून बघावं. सत्कारमूर्ती खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वर सत्कार करणारे. हात जोडलेले, गॉगल लावलेले, उतरत्या मानाने रांगेत बसवलेले. आमचे चुलते नाना फ्लेक्स डावीकडून उजवीकडे वाचतात आणि पंचायत समितीला यंदा कोण उभं राहणार ते सांगून मोकळे होतात. पुरस्कार कुणाला मिळाला, हे त्यांनी आजवर कधी विचारलेलं नाही.

याच नानांना मी फिफाच्या ‘द बेस्ट’ पुरस्कारांची बातमी वाचून दाखवली. 16 डिसेंबर 2025, मुक्काम दोहा. पुरुषांत उस्मान डेंबेले, महिलांत सलग तिसऱ्यांदा ऐताना बोनमाती, प्रशिक्षकांत लुईस एन्रिके आणि सरिना विगमन. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते असू दे. दिला कुणी?”

प्रश्न मर्मावरच होता. ‘बॅलन डी’ओर’ हा सोनेरी चेंडू 1956 पासून ‘फ्रान्स फुटबॉल’ हे मासिक देतंय. फिफाला वाटलं, जगाचा फुटबॉल आपण चालवायचा आणि हार एका मासिकाने घालायचा? 1991 पासून फिफाने स्वतःचा पुरस्कार काढला. 2010 मध्ये दोघांनी मांडव एक केला. 2015 नंतर पुन्हा चुली वेगळ्या झाल्या आणि 2016 सालासाठी ‘द बेस्ट’ जन्माला आला. तेव्हापासून कधी कधी एकाच माणसाला दोन हार. डेंबेलेला सप्टेंबरात पॅरिसला चेंडू मिळाला आणि डिसेंबरात दोह्याला चषक. नाना म्हणाले, “दोन गट आहेत म्हण की सरळ. एवढं लांबण लावायचं कशाला?”

मतदानाची पद्धत मात्र त्यांना मनापासून आवडली. फिफाचे 211 सदस्य देश. प्रत्येक देशाच्या कर्णधाराला मत, प्रशिक्षकाला मत, एका पत्रकाराला मत, आणि चौथा वाटा घरबसल्या बोट दाबणाऱ्या चाहत्यांचा. तिघांची नावं द्यायची, पहिल्याला 5 गुण, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1. अर्जेंटिनाच्या कर्णधाराच्या मताला जेवढं वजन, तेवढंच भारताच्या. आपण क्रमवारीत पहिल्या शंभरातही नाही, तरी जगातला सर्वोत्तम कोण हे ठरवताना आपली चिठ्ठी पेटीत पडते. बॅलन डी’ओरवाले तेवढे उदार नाहीत. पुरुषांच्या पुरस्कारासाठी ते क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांच्या पत्रकारांनाच विचारतात, म्हणजे आपण हद्दीबाहेर. हद्दीचं दुःख लोणीकराला समजावून सांगावं लागत नाही. आमचं पोलीस ठाणं 2021 पासून पुणे शहर आयुक्तालयात गेलं, तालुका मात्र हवेलीच. पावती शहराची आणि सातबारा गावचा.

तर मतदान. 2019 साली मेस्सी जिंकला आणि मग तक्रारींना तोंड फुटलं. निकारागुआचा कर्णधार हुआन बारेरा म्हणाला, मी मतच दिलेलं नाही. यादीत तर त्याचं मत मेस्सीच्या नावे लागलेलं. फिफा म्हणाली, कागद आमच्याकडे आहे, सही-शिक्क्यासकट. तिकडे इजिप्तची मतं मोजलीच गेली नाहीत आणि बिचारा सलाह स्वतःच्या देशाच्या मतांना मुकला. कारण काय? तर सह्या मोठ्या इंग्रजी लिपीत, म्हणजे छापील अक्षरांत केलेल्या, म्हणून त्या ग्राह्य वाटल्या नाहीत. शिवाय सरचिटणीसांची सही राहिलेली. हे ऐकल्यावर नाना पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले. छाननीत अर्ज कसा बाद करायचा, या विषयावर त्यांचा शब्द आमच्या भागात अखेरचा मानला जातो. ते म्हणाले, “ही माणसं आपल्यातलीच दिसतात.”

2023 च्या पुरस्काराची कथा याहून सरस. विश्वचषकाचा अंतिम सामना झाला 18 डिसेंबर 2022 ला. पुरस्कारासाठी कामगिरी धरायची ती 19 डिसेंबरपासून. म्हणजे मेस्सीने उचललेला विश्वचषक हिशोबात नाही. उरलेल्या आठ महिन्यांत एर्लिंग हालांडने मँचेस्टर सिटीसोबत प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतीपदं घेतली. निकाल लागला 48-48, बरोबरीत. आमच्याकडे ग्रामपंचायतीला अशी वेळ आली, तर लहान पोराला बोलावून डब्यातून चिठ्ठी काढायला लावतात आणि हरलेला उमेदवार त्या पोराच्या बापाशी वर्षभर बोलत नाही. फिफाकडे पोर नव्हतं. तिने कर्णधारांची पहिल्या पसंतीची मतं मोजली आणि मेस्सीला विजयी केलं. गंमत म्हणजे खुद्द मेस्सीने, अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून, पहिल्या पसंतीचं मत हालांडला दिलं होतं. हालांडला मतच नव्हतं, कारण नॉर्वेचा कर्णधार दुसराच. जानेवारी 2024 मध्ये लंडनला सोहळा झाला, मेस्सी आलाच नाही आणि निवेदन करणाऱ्या थिएरी ऑन्रीने त्याच्या वतीने चषक घेतला. नानांच्या मते एवढं एकच चुकलं. सत्कारमूर्ती येणार नसेल तर त्याच्या मेव्हण्याला तरी बोलवायचं.

न येण्यातही प्रकार असतात. 28 ऑक्टोबर 2024 ला पॅरिसमध्ये बॅलन डी’ओरचा सोहळा होता. चेंडू आपल्या व्हिनिसियसला नसून रोड्रीला जाणार, असा सुगावा लागताच रेआल माद्रिदचं सगळं वऱ्हाड घरीच बसलं. त्याच रात्री सर्वोत्तम क्लब ठरला रेआल माद्रिद, सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले त्यांचेच अँचेलोट्टी, आणि घ्यायला व्यासपीठावर कुणी नाही. निमंत्रणपत्रिकेत नाव चौथ्या ओळीत छापलं म्हणून कार्यक्रमाकडे पाठ फिरवणारी माणसं फक्त हवेली तालुक्यात असतात, हा माझा गैरसमज त्या दिवशी दूर झाला. फिफाने संधी साधली. दीड महिन्यात दोह्याला व्हिनिसियसच्या हातात ‘द बेस्ट’ होता. मतं रीतसर पडली असतील, मला शंका घ्यायची नाही. पण एका गटात रुसलेला कार्यकर्ता दुसऱ्या गटात कसा सन्मानाने दाखल होतो, ते आम्ही इथे दर पाच वर्षांनी बघतो.

खरा कळस 5 डिसेंबर 2025 चा. विश्वचषकाच्या गटांची सोडत वॉशिंग्टनला होती. फिफाचे अध्यक्ष जानी इन्फान्टिनो यांनी ‘फिफा शांतता पुरस्कार’ नावाचा नवाच पुरस्कार काढला आणि तिथे पहिलाच दिला डोनाल्ड ट्रम्प यांना. चषक, पदक आणि मानपत्र. पदक ट्रम्प यांनी स्वतःच उचलून गळ्यात घातलं. इथे मला फिफाबद्दल आदर वाटला, कारण आधी पुरस्कार आणि मग माणूस, ही जुनाट पद्धत तिने मोडीत काढली. यजमान देशाचा प्रमुख समोर बसलाय, त्याचे हात मोकळे आहेत, तर पुरस्कार काढायला उशीर किती लागतो? नाना फक्त एवढंच म्हणाले, “शाल नव्हती का?”

आठ दिवसांनी मेस्सी भारतात आला. त्याला द्यायला आपल्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून आपण त्याला फक्त बघायचं ठरवलं. 13 डिसेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर लोक हजारो रुपयांची तिकिटं काढून बसले आणि त्यांना दिसल्या त्या मेस्सीभोवती कडं करून उभ्या राहिलेल्या मान्यवरांच्या पाठी. तो लवकर निघून गेला. मग खुर्च्या उडाल्या, बाटल्या उडाल्या. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्याकडे मुक्कामाला असते. दर्शनबारी लागते आणि मान्यवरांनाही पादुकांसमोरून सरकावं लागतं. कोलकात्याच्या आयोजकांनी ज्येष्ठात इकडे एक चक्कर टाकायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर व्यवस्था बरी होती. सचिनने त्याला आपली 10 क्रमांकाची जर्सी दिली, सुनील छेत्री भेटला, मुख्यमंत्र्यांनी नव्या फुटबॉलपटूंसाठी ‘महादेवा’ योजना मांडली. छेत्री मैदानावर आला तेव्हा माझ्या शेजारी टीव्ही बघणाऱ्या पोराने विचारलं, हा कोण? शेजारच्या मेस्सीचं मधलं नावसुद्धा त्याला पाठ होतं.

प्रशिक्षकांचं तर विचारूच नका. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. जाकार्ताच्या सुवर्णपदकानंतर वर्षभराच्या आत, जून 1963 मध्ये रहीमसाहेब गेले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली. समितीची बैठक लांबली असेल.

पुण्याचंही फार बरं चाललंय असं नाही. 2014 साली बालेवाडीला, म्हणजे आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे ‘एफसी पुणे सिटी’कडून खेळला. क्लबच्या मालकांत हृतिक रोशन. त्याआधीपासून ‘पुणे एफसी’ होताच, तो 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तो गुंडाळला गेला. 2019 मध्ये पुणे सिटीही आटोपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने 2021-22 मध्ये आयएसएलचं विजेतेपदही मारलं. 2025 मध्ये तो संघ उठून दिल्लीला गेला.

हे मी जरा खिन्न होऊन सांगत होतो. नानांचा चेहरा मात्र उजळला.

“पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली,” ते म्हणाले. “अरे, बढती आहे ही! आपल्या भागातून गेलेला संघ थेट दिल्लीत पोचलाय आणि एकानेही फ्लेक्स लावला नाही? तू त्यांचा पत्ता काढ. आणि त्या हृतिकला जमेल का विचार, पाहुणा म्हणून.”