मूळ निबंध न वाचण्याची परंपरा

पर्यटनाच्या अभ्यासकांत ज्ञान कसे पसरते हे पाहायचे असेल, तर डॉक्सी यांचा ‘चिडचिड निर्देशांक’, म्हणजे पाहुण्यांची गर्दी वाढते तसतसे स्थानिक लोक हर्षाकडून उदासीनतेकडे, तिथून वैतागाकडे आणि अखेर उघड वैराकडे सरकतात हा सिद्धान्त, तपासावा. बार्बाडोस आणि कॅनडातील नायगारा-ऑन-द-लेक येथील निरीक्षणांवर बेतलेला हा निबंध १९७५ साली सॅन डिएगोच्या परिषदेत सादर झाला आणि तिच्या कार्यवृत्तात छापला गेला. ते कार्यवृत्त सहजासहजी हाती लागत नाही, संदर्भसूच्यांत मात्र ते हटकून हजेरी लावते. पाठ्यपुस्तकातला अर्ध्या पानाचा सारांश प्रबंधात उतरतो, प्रबंधातून शोधनिबंधात जातो, आणि या हातोहातीत चार पायऱ्या तेवढ्या शाबूत राहतात, बार्बाडोस वाटेतच गळतो. स्थळ न पाहता प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला हीच विद्वन्मंडळी (अर्थात परिषदेच्या चहापानात) यथेच्छ हसतात. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेल्या संदर्भापुढे ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ एवढे लिहायला कोणत्याही विद्यापीठाची मनाई नाही.