दाजींची पॉवरबँक

दाजी खिशात पॉवरबँक ठेवत नाहीत, बाळगतात. इस्त्रीच्या रुमालाची घडी उलगडून ती बाहेर काढताना त्यांचा चेहरा ताम्हनात शाळिग्राम ठेवणाऱ्या गुरुजींसारखा होतो. वस्तू तशी साबणाच्या वडीएवढी. पण काळा घोडा महोत्सवातल्या एका स्टॉलवर घेतलेली, हातानं रंगवलेली. निळ्यावर तांबूस, मध्ये काळा ठिपका, कोपऱ्यात पिवळं काहीतरी सांडलेलं.

"दाजी, फोन दोन टक्क्यांवर आलाय."

"देतो रे. आधी सांग, यात काय दिसतं?"

या प्रश्नातून सुटका नाही. ताई एकदा "लोणच्याची बरणी फुटलीय" म्हणाली; त्यानंतर तीन दिवस ती भिंतीतल्या प्लगजवळ स्टुलावर बसून फोनवर बोलत होती. मी आता शहाणा झालोय. ठिपक्याकडे बोट दाखवून "रझांचा बिंदू" म्हणायचं, पंधरा टक्के मिळतात. मोंद्रियानचं नाव काढू नये. त्याच्या रेघा सरळ असतात हे दाजींना ठाऊक आहे. अमूर्त म्हटलेलंही खपत नाही. गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, हे दाजी समजावून सांगतात तोवर फोन गेलेला असतो. तसंही १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतले फोनच्या वाट्याला सहा-साडेसहा हजारच येतात, बाकीचे व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत जातात. दाजींच्या पॉवरबँकेत आणखी थोडे व्याख्यानात जातात.

पुणे विमानतळावर मात्र पंचाईत झाली. पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते. बॅटरी पेटली तर दिसावी म्हणून हा नियम. दाजींना तो कलेचा सन्मान वाटतो. जवानानं ट्रेमधून ती उचलली, उलटसुलट करून निरखली. दाजींची छाती फुगली.

"क्या दिखता है आपको इसमें?"

"कुछ नहीं दिखता, वही तो. एमएएच किधर लिखा है?"

लिहिलेलं चित्राखाली होतं. १०० वॅट-अवरपर्यंत बिनबोभाट नेता येते आणि हिची जेमतेम ३७ भरते, हा हिशेब मी तोंडी करून दाखवला. त्याला छापील आकडा हवा होता. मागे रांग वाढली. शेवटी दाजींनी खिशातून दोनाचं नाणं काढलं आणि पिवळा कोपरा खरवडायला घेतला. एक निघाला. मग शून्य. प्रत्येक शून्यानंतर दाजी आशेनं वर बघत, जवान मान हलवी. चौथं शून्य निघालं तेव्हा रांगेतल्या एका आजींनी चक्क हात जोडले.

विमानात दाजी एक शब्द बोलले नाहीत. चहाही नको म्हणाले. नागपूरला चाकं टेकली आणि एकदम उजळले.

"गायतोंडे जन्मानं इथलेच. १९२४. रंग चढवायचे, मग सुरीनं काढायचे. चढवायचे, काढायचे. लक्षात आलं का?"

आलं होतं. टॅक्सीत माझा फोन एका टक्क्यावर आला. दाजींनी रुमाल उलगडला.

"आता नीट बघ. काय दिसतं?"

"दहा हजार," मी म्हणालो.

दाजींनी रुमालाची घडी परत घातली.