पाहुणा आणि चक्काजाम

गोव्यातील पर्यटनाविषयी लिहिताना किनारे, चर्च, देवळे, फेणी आणि कार्निव्हल यांची दखल सर्वच लेखक घेतात; परंतु या व्यवसायाची अंतर्गत रचना ज्या प्रसंगी सर्वांत उघडी पडते, त्या टॅक्सीवाल्यांच्या संपाकडे गंभीर अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले दिसत नाही. १९ जानेवारी २०१८ पासून ऐन हंगामात पुकारलेला संप, ऑगस्ट २०१९ मधील संप आणि करोनाची दुसरी लाट चढत असताना एप्रिल २०२१ मध्ये झालेले आंदोलन ही यातील ठळक उदाहरणे होत. त्या त्या वेळी संघटनांची बाजू, सरकारची बाजू आणि विरोधी पक्षाची, म्हणजे कधीकाळच्या सरकारची, बाजू वृत्तपत्रांतून सविस्तर मांडली गेली. उपेक्षित राहिला तो एकच घटक, आणि तो म्हणजे ज्याच्या नावाने हे सर्व चालले होते तो रिसॉर्टमधील पाहुणा.

या पाहुण्याची अवस्था समजून घ्यायची तर प्रथम रिसॉर्ट म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. हॉटेल गावात असते आणि रिसॉर्ट गावापासून दूर असते, एवढा भेद सर्वसामान्यपणे मानला जातो. परंतु अधिक काटेकोर व्याख्या करायची झाल्यास, जवळपास काहीही नाही या गोष्टीचेच जेथे भाडे आकारले जाते, त्या निवासस्थानास रिसॉर्ट म्हणावे. पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि केरी या गावांच्या परिसरात, अशी निवासस्थाने विपुल आहेत. बाजार नाही, गोंगाट नाही, रहदारी नाही, अशी त्यांची जाहिरात असते आणि ती बहुतांशी खरी असते. टॅक्सी चालू असते तोपर्यंत या तिन्ही गोष्टी सुखाच्या वाटतात. टॅक्सी थांबली की त्याच तीन गोष्टी, त्याच क्रमाने, तक्रारवहीत लिहिल्या जातात.

येथे एक तांत्रिक अडचण नोंदवणे आवश्यक आहे. या संपांच्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार संप म्हणजे एखाद्या उद्योगात नोकरीस असलेल्या व्यक्तींनी संगनमताने काम थांबवणे. गोव्यातील टॅक्सीवाला बहुधा कोणाच्याही नोकरीस नसतो. गाडी त्याची, कर्ज त्याचे, हप्ता त्याचा आणि डॅशबोर्डवरचा देवही त्याचाच. तेव्हा तो संपावर जातो म्हणजे मालक या नात्याने स्वतःचेच उत्पन्न बुडवतो आणि कामगार या नात्याने स्वतःविरुद्धच घोषणा देतो, असा पेच शास्त्रदृष्ट्या उद्भवतो. लास वेगासमधील फ्रंटियर हॉटेलातील सुमारे साडेपाचशे कामगार सप्टेंबर १९९१ मध्ये संपावर गेले आणि सहा वर्षांहून अधिक काळ दाराशी पहारा देत राहिले. तेथे हॉटेलाच्या आतली माणसे बाहेर येऊन बसली होती. पेडण्यात प्रकार उलटा असतो. आतली माणसे, म्हणजे स्वयंपाकी, वेटर, खोल्या आवरणाऱ्या बाया आणि बागेचे माळी, ही पुष्कळदा हंगामी किंवा कंत्राटी असल्यामुळे संपाचा विचारही त्यांना परवडत नाही. त्यांपैकी कित्येक जण तर शेजारच्या सिंधुदुर्गातून, आरोंदा-किरणपाणीचा पूल ओलांडून, स्वतःच्या दुचाकीवर येतात. त्यामुळे गोव्यातील सर्व टॅक्सी थांबल्या तरी पाहुण्याचा सकाळचा चहा वेळेवर येतो, ही गोष्ट पाहुण्याच्या लक्षात येत नाही. थांबतो तो बाहेरचा माणूस, आणि अडकतो तो आतला पाहुणा.

२०१८ च्या संपाचे कारण अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर गाडी जाऊ न देणारे यंत्र, बसवण्याचा केंद्राचा नियम टॅक्सीवाल्यांना मान्य नव्हता. यंत्राचा खर्च आणि त्यामागची कटकट हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु ज्या तालुक्यात समोरून कदंबची बस आली की दोघांपैकी एकाला माडाच्या मुळाशी मागे जावे लागते, तेथे ८० ची मर्यादा ही कोणाला काचणारी गोष्ट आहे, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण होते. वेग ८० वर रोखला जाऊ नये म्हणून तो शून्यावर आणून ठेवण्यात आला. सरकारनेही तितकाच विलक्षण तोडगा काढला आणि अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, ज्याला लोक ‘एस्मा’ म्हणतात, तो लागू केला. मीटरने चालावी की न चालावी याचा निर्णय ज्या सेवेबाबत वर्षानुवर्षे लांबत होता, तीच सेवा अशा रीतीने रुग्णालय आणि पाणीपुरवठा यांच्या पंक्तीला जाऊन बसली.

त्या वेळी मोपाचा विमानतळ अस्तित्वात नव्हता आणि पेडण्यातील पाहुण्याला साठेक किलोमीटरवरील दाबोळीस जावे लागे. त्यामुळे संपकाळातील पाहुण्याच्या मनोवस्थेचे टप्पे विमानाच्या वेळेपासून उलटे मोजणेच सोयीचे ठरते. विमानाला दोन दिवस असतात तोपर्यंत पाहुणा उदारमतवादी असतो. कष्टकऱ्यांच्या प्रश्नांकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे, असे तो तलावाकाठी आडवा होऊन म्हणतो आणि आणखी एक लिंबूसोडा मागवतो. विमानाला एक दिवस उरला की तो दोन्ही बाजूंनी सामंजस्य दाखवावे, अशा मताचा होतो. विमानाला सहा तास राहिले की त्याचा लोकशाहीवरील विश्वास ढळतो. सामान घेऊन तो स्वागतकक्षात येऊन बसतो आणि व्यवस्थापक त्याला ‘आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य, ज्याच्या बळावर आजवर कोणीही दाबोळीला पोहोचलेले नाही, पुन्हा एकदा ऐकवतो.

पाहुण्यांचेही प्रकार आहेत. मोरजी परिसरातील रशियन पाहुणा, ज्याच्यासाठी तेथील दुकानांच्या पाट्याही रशियन लिपीत रंगवलेल्या आढळतात, तो महिनोन्महिने राहणारा असल्यामुळे त्याने भाड्याची स्कूटर आधीच घेतलेली असते आणि संप झाल्याचे त्याला कधीकधी संप मिटल्यावर कळते. मुंबई-पुण्याहून विमानाने आलेला मराठी पाहुणा मात्र अधिक गुंतागुंतीचा असतो. त्याचा प्रथम विश्वास ओळखीवर असतो. म्हापशात कोणाचा तरी मावसभाऊ असतोच, असे गृहीत धरून तो फोन लावू लागतो, आणि मावसभाऊ खरोखर सापडला तर तोही टॅक्सीच चालवत असतो. त्यानंतर हा पाहुणा भाड्याच्या स्कूटरकडे वळतो. महाविद्यालयात असताना शेवटची दुचाकी चालवलेला हा गृहस्थ, मागे पत्नी आणि पुढे पायांमध्ये चाकांची बॅग घेऊन, चोपडे-शिवोली पुलाकडे निघतो, तेव्हा वेगनियंत्रकाची आवश्यकता नसते.

सर्वांत विचारात घेण्याजोगा प्रकार म्हणजे कोल्हापूर, बेळगाव किंवा सांगलीहून आंबोली उतरून स्वतःच्या गाडीने आलेला पाहुणा. एरवी रिसॉर्टमध्ये याला फारसा मान नसतो. त्याची गाडी चिखलाने माखलेली असते, मागच्या काचेवर आडनाव लिहिलेले असते आणि डिकीत घरून आणलेला चिवडा असतो. संप सुरू होताच या गाडीचे सामाजिक स्थान एका रात्रीत पालटते. नाश्त्याच्या वेळी अनोळखी लोक त्याच्या मुलांचे कौतुक करू लागतात आणि आपण दाबोळीच्या बाजूला जाणार आहात काय, असे अदबीने विचारले जाते. तोही पहिल्या दिवशी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या खर्चाचा विषय निघतो; तिसऱ्या दिवशी तो सांगतो ती रक्कम ऐकून समोरच्या पाहुण्याला टॅक्सीवाल्याचा दर प्रथमच रास्त वाटू लागतो. टॅक्सीचा भाव चढा का असतो, याचे इतके सुबोध प्रात्यक्षिक कोणत्याही संघटनेला देता आलेले नाही.

संपाच्या काळात पाहुण्याला गोव्याच्या दोन संस्थांचा नव्याने परिचय होतो. पहिली म्हणजे पायलट. प्रवाशाला मागे बसवून नेणाऱ्या परवानाधारक मोटारसायकलवाल्यास गोव्यात पायलट म्हणतात, त्याचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो आणि त्याची संघटना निराळी असते. विमान चुकू पाहणाऱ्या माणसाला पायलट येत आहे असे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद आणि प्रत्यक्ष पायलट आल्यावर होणारा त्याचा विपर्यास हे दोन्ही पाहण्यासारखे असतात. दुसरी संस्था म्हणजे कदंब. विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तिकिटाच्या १९७८-७९ मधील आंदोलनानंतर, १९८० मध्ये स्थापन झालेले हे सरकारी वाहतूक महामंडळ संपकाळात विमानतळ आणि रेल्वेस्थानकांवर जादा गाड्या सोडते. आंदोलनामुळे अडकलेल्या पाहुण्याची सुटका अशा रीतीने आंदोलनामागोमाग आलेल्या बसने होते. फक्त तिच्यात शिरताना त्याला विमानकंपनीने दिलेले सामानाचे वजन कंडक्टरपुढे नव्याने सिद्ध करावे लागते.

डिचोली तालुक्यातील स्थिती वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. येथे समुद्र नाही. मये येथील तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि नार्वे येथील सप्तकोटेश्वर ही येथील आकर्षणे आहेत, आणि मुख्य व्यवसाय लोहखनिजाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, १६ मार्चपासून उत्खनन थांबले आणि १९ मार्च रोजी खाण अवलंबितांनी पणजीत रस्ते अडवले. टॅक्सी-संपातून दोनच महिन्यांपूर्वी सुटलेल्या पर्यटन व्यवसायाला हा दुसरा धक्का होता. त्या दिवशी पणजीच्या वेशीवर अडकलेल्या पाहुण्याची टॅक्सी चालू होती, रस्ता तेवढा बंद होता. मये तलावाकाठच्या पाहुण्याचे मात्र फारसे बिघडत नाही, कारण चोडणमार्गे रायबंदरला नेणारी फेरीबोट हाताशी असते, आणि मुळात मयेला येणारा माणूस कोठे जाण्याच्या घाईत नसतोच.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, तेव्हा पेडण्यातील पाहुण्याचे दुःख संपले असे मानले गेले. प्रत्यक्षात संपले ते अंतर. ज्यांच्या गावात विमानतळ आला त्या पेडणेकरांनी टॅक्सीच्या काउंटरसाठी, ॲपवरील टॅक्सींविरुद्ध आणि पार्किंगच्या शुल्कावरून वेळोवेळी आंदोलने केली, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पठार गेले, काजूच्या बागा गेल्या, आणि धंदा तरी आपला राहावा ही अपेक्षा अवाजवी नाही. पाहुण्याचे म्हणणेही खोटे नाही. दोष द्यायचाच असेल तर तो, ऑगस्ट २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ हे टॅक्सीचे ॲप पर्यटन विकास महामंडळाच्या पाठबळाने सुरू करून, मीटरचा प्रश्न मात्र न्यायालयावर सोपवून, दर संपाच्या वेळी आश्वासन देऊन आणि संप मिटताच ते विसरून जाणाऱ्या सरकारांना द्यावा लागतो. बसची सोय संध्याकाळनंतरही चालू ठेवली असती तर यातील निम्मे संप संपकऱ्यांनाच निरुपयोगी वाटले असते.

तोपर्यंत, पेडण्यात खोली राखून ठेवणाऱ्या वाचकाने खोलीतून समुद्र दिसतो काय हे विचारण्यापूर्वी जवळचा बसथांबा कोठे आहे, एवढे अवश्य विचारावे. स्वागतकक्षातील माणसाला तो ठाऊक नसण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास बागेत पाणी घालणाऱ्याकडे जावे, त्याला शेवटच्या बसची वेळसुद्धा पाठ असते.