कैलासवासी एकुमॅ आणि इतर पूर्वज

आमच्या सोलापूरकडच्या मंद्रुपात एखाद्यानं पणजोबाची चौकशी केली की ऐकणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. एक, याचा जमिनीवर डोळा आहे. दोन, याच्या पोराला दाखला काढायचाय. माणूस नुसत्या हौसेखातर पूर्वज शोधू शकतो, यावर आमच्याकडं अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. मी हॉटेलात बसून "आमच्या पणज्याच्या वडलांचं नाव कुणाला ठाऊक आहे का?" असं सहज विचारलं, तर समोरच्या म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "गट नंबर कितवा, मालक?"

या हौसेचं मूळ अमेरिकेत आहे. माझा पुतण्या तिकडं न्यू जर्सीत असतो. तिकडच्या माणसांना वंशवृक्षाचा फार नाद. त्यांची याबाबतीतली काशी म्हणजे युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी. तिथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी 1894 साली वंशावळी गोळा करणारी संस्था काढली. मेलेल्या पूर्वजांनाही मागाहून धर्मविधी करून कुटुंबात जोडून घेता येतं अशी त्यांची श्रद्धा, पण त्यासाठी आधी नाव कळायला हवं. म्हणून जगभर फिरून त्यांनी चर्चची, कोर्टाची, जन्ममृत्यूची दप्तरं फिल्मवर उतरवली आणि ती रिळं ग्रॅनाइटच्या डोंगरात तळघर खोदून ठेवली. चोवीस लाख रिळं. 2021 साली त्यांचं संगणकीकरणही पुरं झालं. आपण श्राद्धात बाप, आजा, पणजा म्हणून तीन पिंडांवर पाणी सोडतो आणि पुढच्यांना हात जोडतो. ही माणसं तिनावर थांबत नाहीत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. म्हणजे गावचा कुणी म्हातारा कधीकाळी हरिद्वारला जाऊन पंड्याच्या वहीत अंगठा उठवून आला असेल, तर त्या अंगठ्याचा फोटो डोंगराच्या पोटात सुखरूप असण्याची शक्यता आहे. इकडं नातवाला म्हातारा हरिद्वारला गेला होता हेच ठाऊक नसतं.

तर पुतण्यानं एका संकेतस्थळावर आमच्या घराण्याचं झाड लावलं, मला त्याची लिंक पाठवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही फक्त नावं भरा. बाकीचं सगळं एआय करतं."

मी नावं भरायला बसलो. आमच्याकडं नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत आहे. त्यामुळं सिद्धाप्पाचा शिवप्पा, शिवप्पाचा सिद्धाप्पा, त्याचा पुन्हा शिवप्पा, अशी नावांची मोट खालीवर चालू असते. तीन शिवप्पा भरून झाले तोच पडद्यावर सूचना आली, की या तीन व्यक्ती बहुधा एकच आहेत, एकत्र करू का? मी नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. एआय फार नम्र असतं, पण एकदा संशय घेतला की फौजदारासारखं सोडत नाही.

मग तारखा. आमच्या घरातल्या शाळेत गेलेल्या झाडून सगळ्या पुरुषांचा जन्म 1 जूनचा आहे. शाळा जूनमध्ये उघडते. नाव घालायला आणलेल्या पोराचं वय मास्तर दातांवरून आणि उंचीवरून ठरवायचे आणि सहा वर्षं पुरी होतील अशा बेतानं 1 जून लिहून मोकळे व्हायचे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या तारखा याहून खऱ्या आहेत, पण त्या लिहायच्या कुठं? आमची चुलती मार्शल लॉच्या साली जन्मली, म्हणजे 1930. तिचा थोरला लेक रझाकाराच्या गडबडीत, म्हणजे 1948. धाकटी नात बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर. दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकोनांत खडी बसत नाही. तिन्ही चौकोन भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शेवटी मीही मास्तरांच्या मार्गानं गेलो.

बायकांच्या बाबतीत तर संगणकानं हातच टेकले. लग्नात नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, आणि जुन्या कागदावर नुसतं 'गंगाबाई कोम शिवप्पा', म्हणजे शिवप्पाची बायको. बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. त्यात आमच्या सीमेवरच्या मुलखात बहिणीची लेक करून घ्यायची चाल. म्हणजे सख्खा मामा तोच नवरा. मी ती रेघ जोडली तर संकेतस्थळानं लाल त्रिकोण काढला, की ही व्यक्ती एकाच वेळी भाची आणि पत्नी दिसते, कृपया तपासून पाहा. तपासायचं काय त्यात? ती व्यक्ती आतल्या खोलीत शेंगा फोडत बसली होती.

हे झाड लावायचं काम आमच्याकडं पूर्वी हेळवी करायचे. सोलापूर, सांगलीपासून खाली विजापूर, बेळगावपर्यंत त्यांचा फेरा. सुगी झाली की बैल घेऊन दारात उभे राहायचे, चोपडी उघडायची आणि कुळाचं मूळ गाव कुठलं, तिथून कोण उठून कुठं गेला, कुणाला किती लेक, हे मोठ्यानं म्हणत सुटायचे. म्हणून झालं की गेल्या फेरीनंतर जन्मलेल्या पोरांची नावं लिहून घ्यायची आणि ज्वारी मागायची. द्यायला कुचराई केली तर पुढच्या खेपेला वाचताना आपल्या आजाचं नाव जरा हळू घ्यायचे. संकेतस्थळाचा धंदा मला अगदी तसाच वाटला. तेही दोन पिढ्या फुकट दाखवतं आणि तिसरीच्या तोंडावर वर्षाची वर्गणी डॉलरमध्ये मागतं. हेळव्याशी ज्वारीच्या मापावरून घासाघीस करता येत होती, एवढाच फरक.

दरम्यान गावाची पहिली शंका गडद होत चालली होती. दुसरीलाही कारण होतंच. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून राज्यभरची दप्तरं हलली. जनरल रजिस्टरं, कोतवालबुकं, खासरापत्रकं, वर्षानुवर्षं ज्यांच्यावर फक्त पाली फिरत होत्या ती पानं स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढू लागली. मोडी वाचणाऱ्याला भाव आला. लग्नाच्या वाटाघाटीत "मुलाला मोडी येते" हे सांगण्याजोगं झालं. सॉल्ट लेकच्या लोकांना पूर्वज स्वर्गात न्यायचे असतात. आपल्याला ते 13 ऑक्टोबर 1967 च्या अलीकडं येऊ द्यायचे नसतात, कारण ओबीसी पडताळणीला त्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. इतक्या नेमक्या दिवसासाठी पूर्वजांची वाट बघणारा समाज जगात दुसरा नसावा.

माझं काम मात्र खरंच हौसेचं होतं. मी महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर जुने फेरफार बघायला लागलो. वारसाची नोंद ही खरी वंशावळ. मयत कोण, मागं कोण राहिलं, कुणी हक्क सोडला, सगळं सहीशिक्क्यानिशी. अडचण एकच, अक्षर. आमच्याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग-कुडलला शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडावर काढलेलं अक्षर विद्वानांना लागलं. शंभर वर्षांपूर्वीच्या तलाठ्यानं कागदावर काढलेलं, तो तलाठी परत आला तरी त्याला लागणार नाही.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा मुलाहिजा नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. लिहिणाऱ्यानं एकदा हात टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. हे यंत्रानं वाचावं म्हणून आता खटपट चालू आहे. रूडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2025 साली मोडीची 2,043 चित्रं आणि शेजारी त्यांचं देवनागरी असा संग्रह करून त्यावर एआयला शिकवणी लावली. इंग्रजी दस्तांचं तर याआधीच जमलंय. सॉल्ट लेकच्या 'फॅमिलीसर्च'नं 2024 पासून जुन्या हस्तलिखित दस्तांमधला शब्द न् शब्द शोधायची सोय दिली आहे. नाव टंकलं की दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून सही केलेली असली तरी ते नाव वर येतं. साक्षीदार आमच्याकडंही पुष्कळ. बहुतेक अंगठ्याच्या रूपात.

मला धीर नव्हता. पुतण्यानं सुचवलेल्या एका अॅपला मी बालबोधीतल्या फेरफाराचा फोटो दिला आणि म्हटलं, यातली नावं झाडावर चढव. त्यानं क्षणात चढवली. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून फोन.

"काका, हे एकुमॅ कोण?"

"कोण?"

"एकुमॅ. पणजोबांच्या वडलांच्या शेजारी दाखवतायत. आणि त्यांच्या खाली अपाक म्हणून एक बाई आहे."

जुन्या उताऱ्यांवर घारीची नजर असलेल्या वाचकांना कळलं असेलच. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भाऊ पाच असले तरी उताऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव लागायचं आणि पुढं ही तीन अक्षरं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती, बहुतेक वेळा विधवा आई. यंत्रानं या दोघांना देह दिला, लग्न लावलं आणि आमच्या घराण्यात आणून बसवलं. मी काढून टाकायला सांगितलं. पण संकेतस्थळाला आता त्यांचा लळा लागला आहे. 1 जूनला मला अजून निरोप येतो, की आज आपले पूर्वज एकुमॅ यांचा जन्मदिवस.

पुतण्यानं मग लाळेचा मार्ग धरला. नळीत थुंकायचं, पाकीट टपालात टाकायचं, काही आठवड्यांनी आपलं मूळ कळतं. त्याचं कळलं. दक्षिण आशिया. एवढे डॉलर मोजून पोराला समजलं की तो आपल्याकडचाच आहे. खाली नातेवाइकांची यादी होती. तीत एक बाई दूरची चुलत बहीण म्हणून अपेक्षेपेक्षा फारच जवळ निघाली. तिकडचा हिशेब परक्या घरांत लग्नं होतात असं धरून चालतो. आमच्यात मामाभाची, आतेमामे असं दोन-तीन पिढ्या चाललं की एकच रक्त तीन वाटांनी घरात येतं आणि लांबची माणसं जवळची दिसायला लागतात. या धंद्यातली '23 अँड मी' ही मोठी कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. दीड कोटी लोकांच्या जनुकांची माहिती तिच्याकडं होती. पुतण्याची कंपनी सुदैवानं दुसरी. पण बातमी वाचल्यापासून मला चैन नाही. जमीन गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत, लाळ लिलावात निघालेली पाहिली नव्हती.

फोटोचा प्रकार मी नको म्हणत होतो. 'माय हेरिटेज' या इस्रायली कंपनीनं 2021 च्या फेब्रुवारीत जुन्या फोटोतला चेहरा हलवून दाखवणारी करामत आणली आणि मग तसली अॅप बाजारात ढीगभर आली. पुतण्यानं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, टोपी आणि बंद गळ्याच्या कोटातला फोटो हलवून पाठवला. अण्णांनी डोळे मिचकावले, मान वळवली, खिडकीकडं बघून हलकेच हसले. मी तो अव्वाला, म्हणजे आईला, दाखवला. तिनं आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग मला म्हणाली, "बंद कर ते. आता भाकरी मागतील. पीठ नाही घरात."

एवढ्यावर भागलं असतं. पण हे झाड सामाईक आहे. म्हणजे घराण्यातल्या कुणीही यावं, फांदी जोडावी, छाटावी. बदल करणाऱ्यानं फक्त कारण लिहायचं. सहकार हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नाही. तो कुठं जातो हेही ठाऊक आहे. थोरल्या घरचा चुलतभाऊ पुण्यात हडपसरला असतो. त्यानं एके रात्री येऊन आमच्या आजाला खाली सरकवलं आणि त्याच्या आजाला थोरला केलं. कारण: 'एकुमॅ नोंद पाहावी.' थोरलेपण म्हणजे नुसतं वय नव्हे, यात्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा हे त्यावर ठरतं. मी सकाळी उठून आजाला पूर्वपदावर आणलं. कारण: 'मॅनेजर म्हणजे थोरला असं कायद्यात कुठंही नाही.' दुपारी पुन्हा बदल. कारण: 'गावाला माहीत आहे.' मी: 'कुठल्या गावाला?' संध्याकाळी सोलापुरातल्या मधल्या घरचा तिसरा भाऊ शिरला आणि त्यानं दोघांनाही धाकटं केलं. कारणाच्या रकान्यात त्यानं नुसता नमस्काराचा हात टाकला होता.

संकेतस्थळानं पुतण्याला निरोप धाडला, की आपल्या वंशवृक्षावर असामान्य प्रमाणात कौटुंबिक सहभाग आढळत आहे, अभिनंदन. त्यानं मला फोन केला. आवाज भरून आला होता. "काका, सगळे एकत्र आले बघा. अण्णांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा."

मी म्हटलं, आले बाबा. आणि हडपसरला फोन लावला. एकदा समोरासमोर बसून थोरला कोण ते ठरवून टाकू, हेळव्याची चोपडी मिळाली तर तीही आणू, असं मी अगदी गोडीत सुचवलं. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "वंशवृक्षाचं नंतर बघू की. बांधावरच्या लिंबाच्या फांद्या तोडून तुम्ही कुणाच्या ट्रॅक्टरमधनं नेलालाव, ते सांगा आधी."

लिंब आमच्याच हद्दीत आहे. मोजणीचा नकाशा काढायला टाकलाय.