जिया टॅन यास, अर्ध्या सेकंदाच्या निमित्ताने

जिया टॅन,

हे तुझं खरं नाव नसावं, असं आता सगळेच मानतात. तू एकटा होतास की टोळी, कुणाच्या पैशावर होतास, यातलं काही आजवर उजेडात आलेलं नाही. पण ज्या नावाने तू शब्द दिलास आणि मोडलास, त्याच नावाने तुला लिहिते आहे. 'तुम्ही' म्हणणार नाही.

मी नाशिकला बसून सर्व्हर सांभाळते. काही मुंबईत आहेत, काही सिंगापुरात, काही फ्रँकफर्टला. त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्यापुढे असते एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारा कर्सर. एसएसएच टाइप करायचं, सर्व्हरचं नाव द्यायचं, एंटर मारला की तिकडच्या मशीनचा प्रॉम्प्ट इकडे उभा. मग लॉग बघा, डिस्क भरली असेल तर जागा करा, अडकलेली सर्व्हिस रीस्टार्ट करा. साठ मशीनवर तेच काम करायचं असेल तर अँसिबलची प्लेबुक चालवते; तीसुद्धा आतून एसएसएचच्याच वाटेने जाते. म्हणजे माझं सगळं काम, सगळी रोजीरोटी, या एका दारातून आत-बाहेर करते. तू नेमकं ते दार पोखरायला घेतलंस.

या दाराची किंमत तुला माहीत होती, म्हणूनच सांगते. 1995 पर्यंत लोक टेलनेटने लांबच्या मशीनवर जायचे आणि पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू युलेनेन यांनी एसएसएच लिहिलं. पुढे 1999 मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांनी ओपनएसएसएच काढलं. ते फुकट आहे, आज जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि डोळ्यांत तेल घालून तपासलं जातं. त्याच्यावर समोरून चाल करण्याची तुझी हिंमत झाली नाही. तू शेजारचं घर शोधलंस.

ते घर म्हणजे एक्सझेड, फायली दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर. ओपनएसएसएचला त्याची गरजच नाही. पण डेबियन, फेडोरासारखं लिनक्स वाटणाऱ्या मंडळींनी एसएसएचचा सर्व्हर सिस्टमडीशी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेशी, जोडला, आणि सिस्टमडीच्या लायब्ररीबरोबर एक्सझेडची लायब्ररीही आत येऊ लागली. ही आडवाट तू हेरलीस. आणि एक्सझेड सांभाळत होता एकच माणूस, फिनलंडचा लासे कोलिन. पगार नाही, मदतीला कुणी नाही, वर्षानुवर्षं एकट्याचा कारभार.

2021 च्या अखेरीला तू बारीकसारीक दुरुस्त्या घेऊन त्याच्या दारात उभा राहिलास. 2022 मध्ये आणखी काही नावं उगवली आणि त्याच्यामागे हात धुऊन लागली: काम किती रेंगाळतंय, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्या माणसाने सगळ्यांसमोर लिहिलं की आपण दीर्घकाळ मानसिक आजाराशी झगडतो आहोत आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. एवढं वाचूनही ती नावं थांबली नाहीत. त्यातलं एक नाव होतं जिगर कुमार. त्या निरोपांपलीकडे हा माणूस कुठेच सापडत नाही. तपासणाऱ्यांच्या मते ही सगळी सोंगं तुझ्याच बाजूची. उंदराला मांजर साक्ष. आजारी माणसाला टोचायला तुला आमच्याकडचं नाव बरं सापडलं. त्या नावाची खरी पोरं इथे रात्र-रात्र जागून दुसऱ्यांचे सर्व्हर चालू ठेवतात, आणि कुणी आजारी आहे म्हणाला तर त्याची पाळी स्वतःवर घेतात.

कोलिनने तुझ्यावर विश्वास टाकला. तुझी बरीचशी कामं खरी होती, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. दोन वर्षं तू खरोखर राबलास, फक्त केसाने गळा कापता यावा म्हणून. 24 फेब्रुवारी 2024 ला एक्सझेडची 5.6.0 आवृत्ती काढलीस, 9 मार्चला 5.6.1. असं सॉफ्टवेअर तपासायला काही मुद्दाम बिघडवलेल्या नमुना-फायली ठेवाव्या लागतात. त्या कुणी उघडून वाचत नाही. तू विष त्यातच पुरलंस. ते बाहेर काढून मिसळणारी ओळ तर तू सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ठेवलीच नाहीस. ती होती फक्त वाटायला काढलेल्या गठ्ठ्यात. गुप्त किल्ली तुझ्या एकट्याकडे. ती किल्ली घेऊन येणाऱ्याला पासवर्ड न देता, लॉगमध्ये नाव न उमटवता, रूटच्या हक्काने वाटेल ती कमांड चालवता आली असती.

आणि सापडलास कशावर? अँड्रेस फ्रॉयंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा इंजिनिअर आपल्या मशीनवर वेग मोजत होता. चुकीची युजरनावं घेऊन येणारे, ताबडतोब हाकलले जाणारे लॉगिनसुद्धा प्रोसेसर नको तितका खात आहेत, हे त्याच्या नजरेत आलं. त्याने मोजून पाहिलं: आधी 0.299 सेकंद लागायचे, आता 0.807. दुसरा कुणी 'नेटवर्क जरा मंद दिसतंय' म्हणून चहाला गेला असता. तो खोदत बसला. 29 मार्चला त्याने सगळं जगापुढे मांडलं. तुझी दोन वर्षं गेली, त्याचा अर्धा सेकंद पुरला.

तो शुक्रवार होता, गुड फ्रायडेची सुट्टी. आमच्याकडे रात्र झाली होती. मी सर्व्हरच्या नावांची फाईल उघडली आणि तिच्यावर चार ओळींचं लूप लिहिलं: प्रत्येक मशीनवर जा, एक्सझेडची आवृत्ती विचार, लिहून ठेव. एक्सझेडलाच विचारायचं नाही असं ठरवलं. पॅकेजच्या नोंदीतून काढायचं. एंटरवर बोट ठेवलं आणि लक्षात आलं, की दार पोखरलंय का हे बघायलासुद्धा मला त्याच दारातून जायचं आहे. इतक्या वर्षांत एंटर दाबताना माझा हात कधी अडला नव्हता. तो त्या रात्री अडला.

मग ओळी यायला लागल्या. 5.4.1. 5.4.1. 5.2.5. 5.4.1. जुनी, स्थिर आवृत्ती वापरतो म्हणून आम्हाला नावं ठेवणारे खूप आहेत. त्या रात्री त्या जुनेपणानेच वाचवलं. सत्तेचाळिसाव्या ओळीवर 5.6.1 आलं. चाचणीसाठी उभं केलेलं मशीन, एसएसएचचं पोर्ट 22 इंटरनेटला उघडं. ते मी दुरुस्त करत बसले नाही. बंद केलं, पुसलं, आणि त्याच्यावरून जिथे जिथे जाता येत होतं तिथल्या सगळ्या किल्ल्या बदलल्या. संपलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. आई उठली, तिने न विचारता चहा ठेवला.

एक रात्र गेली, तिचं काही नाही. अशा रात्री या कामात येतातच. पण त्यानंतर महिन्याभराने आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या जळगावच्या मुलाने बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळींची दुरुस्ती पाठवली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. मी ती दोन दिवस अडवून ठेवली. त्याची आधीची कामं उकरून पाहिली, रात्री किती वाजता पाठवली तेही पाहिलं. शेवटी त्यानेच भीतभीत विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि तुझा संताप आला. आम्ही सगळे अशाच चार ओळींवर उभे राहिलो आहोत. मी शिकले ती अनोळखी माणसांनी फुकट लिहिलेल्या मॅन्युअलमधून, रात्री दोन वाजता कुणीतरी दिलेल्या उत्तरांमधून. मदतीला आलेल्या माणसाला 'ये, बस' म्हणायची जी सवय होती, तिथे तू हात घातलास.

त्याची दुरुस्ती मी घेतली, आणि त्याला समोर बसवून तुझी सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर त्याने तुझ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाला, "त्या फिनलंडवाल्याचं पुढे काय झालं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. 29 मेला ते आलं. कोलिनने तुझं सगळं उपसून टाकून 5.6.2 काढली होती. मी ते पान त्या मुलाला पाठवलं, आणि खाली त्याच दिवशीची माझी प्लेबुक जोडली, त्याने तपासून द्यावी म्हणून.

— नाशिकहून, सर्व्हर सांभाळणारी